गेम खेळताना सीपीयू-जीपीयू किती तापलेले चालतात? पुण्याच्या उन्हाळ्याचा हिशोब धरून

नवीन पीसी घेतला की पहिले चार दिवस माणूस गेम कमी खेळतो आणि कोपऱ्यातला टेंपरेचरचा आकडा जास्त बघतो. ७८ झाला, ८२ झाला, आता बंद करू का, पंखा लावू का, दुकानात नेऊ का. मग कोणीतरी सांगतं की ७०च्या वर गेलं की चिप जळते, दुसरा सांगतो ९५ पण नॉर्मल आहे, आणि दोघंही आपापल्या जागी थोडे बरोबर थोडे चूक असतात. माझ्या घरी, मावसभावाच्या घरी आणि बिल्डिंगमधल्या पोरांच्या पीसीवर हे सगळं निस्तरून झालंय, त्यामुळे एकदा क्रमाने लिहून टाकतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, बाकी सगळं त्यावरच उभं आहे. नुसता आकडा काही सांगत नाही. रूम किती गरम होती, तुमच्या चिपची लिमिट किती आहे आणि तिथे पोचल्यावर चिपने स्पीड कमी केला का, हे तिन्ही कळलं तर आकड्याला अर्थ.

काय काय लागेल

- एचडब्ल्यूइन्फो६४, पीसीतल्या सगळ्या सेन्सरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे. सोबत एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्याबरोबर येणारं रिव्हाट्यूनर, म्हणजे गेम चालू असतानाच स्क्रीनवर आकडे दिसतात. कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी आफ्टरबर्नर चालतं.
- रूमचं तापमान दाखवणारं साधं डिजिटल थर्मामीटर. तपकीर गल्लीत असली छोटी इलेक्ट्रॉनिक वस्तू मिळून जाते, भारीतलं घेऊ नका.
- फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, मऊ पेंटिंगचा ब्रश, जमलं तर हाताचा एअर ब्लोअर.
- थर्मल पेस्टची (चिप आणि कूलरच्या मधे लावायची पेस्ट) छोटी ट्यूब आणि ती पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. हे लगेच आणायची गरज नाही, पायरी ६ वाचून ठरवा.
- कागदपत्रं: पीसीचं किंवा सुट्या पार्टचं जीएसटी बिल, ग्राफिक्स कार्डचा बॉक्स आणि कार्डावरच्या सीरियल नंबरचा फोटो. बिलाची शाई उडते, त्यामुळे बिलाचाही फोटो काढून स्वतःला मेल करून ठेवा.

१. आधी मोजा, आणि बरोबर सेन्सर बघा

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डचं तापमान दिसतं, पण सीपीयूचं, म्हणजे मुख्य प्रोसेसरचं, दिसत नाही, म्हणून एचडब्ल्यूइन्फो. चालू करताना 'सेन्सर्स ओन्ली' टिक करा नाहीतर माहितीच्या खिडक्यांचा पूर येतो.

आता त्यात पन्नास ओळी दिसतील आणि इथेच नवीन माणूस गडबडतो. इंटेल असेल तर 'सीपीयू पॅकेज' ही ओळ बघा. एएमडी रायझन असेल तर 'सीपीयू टीसीटीएल/टीडाय'. मदरबोर्डच्या भागात खाली अजून एक 'सीपीयू' म्हणून आकडा असतो, तो बहुतेक वेळा सॉकेटजवळचा असतो आणि खरा आकडा त्याच्यापेक्षा जास्त असतो, त्यावर जाऊ नका. मदरबोर्डच्याच भागात कधीकधी १२०-१२७ डिग्री असा काहीतरी भयंकर आकडा कायम स्थिर दिसतो, तो सेन्सर जोडलेलाच नसतो, सोडून द्या.

ग्राफिक्स कार्डला (जीपीयू म्हणजे त्यावरची मुख्य चिप) दोन-तीन आकडे असतात. 'जीपीयू टेंपरेचर' हा नेहमीचा. 'हॉटस्पॉट' म्हणजे चिपवरच्या सगळ्यात गरम जागेचा, तो नेहमीच्या आकड्यापेक्षा १०-२० डिग्री जास्त असणं ठीक आहे. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० सीरिजमध्ये हॉटस्पॉटची ओळ दिसतच नाही, त्यामुळे ती शोधत बसू नका. काही कार्डांना 'मेमरी जंक्शन', म्हणजे कार्डावरच्या मेमरीचा आकडा, पण असतो, विशेषतः आरटीएक्स ३०८०, ३०९० वगैरे ज्यांच्यात जीडीडीआर६एक्स मेमरी आहे.

मोजायची पद्धत अशी. एचडब्ल्यूइन्फो चालू ठेवा, तुम्ही रोज जो गेम खेळता तोच लावा, आणि अर्धा-पाऊण तास खेळा. पाच मिनिटात आकडा कळत नाही कारण हीटसिंक (चिपची गरमी ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्या), कॅबिनेटमधली हवा आणि मग रूम असं सगळं हळूहळू तापत जातं. दहा-पंधरा मिनिटं झाली की खालच्या पट्टीतलं घड्याळाचं बटण दाबून मिनिमम-मॅक्सिमम रिसेट करा, पुढचं सेशन संपल्यावर 'मॅक्सिमम' आणि 'ॲव्हरेज' दोन्ही लिहून घ्या. ॲव्हरेज जास्त महत्त्वाचा. मॅक्सिमममध्ये एखाद्या सेकंदाचा झटका पण धरला जातो.

फरमार्क आणि प्राइम९५ लावून घाबरून घेऊ नका. ते मुद्दाम चिपला पिळून काढायलाच बनवलेत, कुठलाही गेम तेवढा लोड देत नाही. आणि हो, बरेच नवीन गेम पहिल्यांदा चालू करताना 'कंपायलिंग शेडर्स' असं दाखवतात, तेव्हा सीपीयू १०० टक्के वापरला जातो आणि आकडा थेट ९०ला भिडतो. ते संपलं की खाली येतो. त्या पाच-दहा मिनिटांचा आकडा पकडून लोक दुकानात पळतात.

२. रूमचं तापमान बाजूला लिहा

ही पायरी सगळे गाळतात आणि सगळा गोंधळ इथूनच होतो.

कूलर चिपला रूमपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त चिपची गरमी रूमच्या हवेत टाकतो. म्हणून पाहायचं असतं ते रूमपेक्षा किती डिग्री वर. समजा जानेवारीत रात्री रूम २२ आणि गेममध्ये सीपीयू ७६, म्हणजे फरक ५४. तोच पीसी, तोच गेम, मे महिन्यात दुपारी रूम ३७ झाली तर सीपीयू साधारण ९१ दाखवणार. पीसीला काही झालेलं नाही, पुण्याला झालंय! एप्रिलमध्ये शिवाजीनगरला पारा ३८-४०ला जाणं आपल्याला नवीन नाही, लोहगावकडे तर अजून थोडा वरच. जुलै-ऑगस्टमध्ये तोच २८च्या आसपास. म्हणजे वर्षात तुमच्या आकड्यात १०-१५ डिग्रीचा चढउतार नुसत्या हवामानाने होणार, आणि यूट्यूबवरचा जो गोरा माणूस ६५ डिग्री दाखवतो त्याची रूम २१-२२ असते हे तो व्हिडिओत एका कोपऱ्यात सांगतो.

ग्राफिक्स कार्डचं गणित एवढं सरळ चालत नाही, कारण कार्ड तापलं की त्याचे पंखे आपोआप जोरात फिरतात आणि आकडा थोडा धरून ठेवतात. तिथे उन्हाळा आकड्यात कमी आणि आवाजात जास्त कळतो.

गच्चीखालचा फ्लॅट असेल तर अजून एक. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दहा-अकरापर्यंत गरमी सोडत राहतो, त्यामुळे बाहेर हवा गार झाली तरी रूम ३३-३४लाच अडकलेली असते. थर्मामीटर पीसीच्या मागे ठेवू नका, तिथे कॅबिनेटची गरम हवा येते. तुमच्या खुर्चीच्या उंचीवर, पीसीपासून चार-पाच फूट लांब ठेवा.

३. तुमच्या चिपची लिमिट बघा

प्रत्येक चिपला कंपनीने वरची मर्यादा दिलेली असते. ती मर्यादा म्हणजे जळण्याची जागा नव्हे, तिथे पोचल्यावर चिप स्वतःच स्पीड आणि व्होल्टेज कमी करायला लागते. काही नेहमीचे आकडे:

- इंटेल १२वी, १३वी, १४वी जनरेशन डेस्कटॉप: १०० डिग्री. कोअर अल्ट्रा २०० एस: १०५.
- रायझन ५ ५६००एक्स: ९५. रायझन ७ ५८००एक्स आणि ५८००एक्स३डी: ९०.
- रायझन ७०००चे एक्सवाले, म्हणजे ७६००एक्स, ७७००एक्स वगैरे: ९५. रायझन ७ ७८००एक्स३डी: ८९.
- आरटीएक्स ३०६०: ९३. आरटीएक्स ४०६०: ९०. पण एनव्हिडियाची कार्डं ८३च्या आसपासच स्वतःला आवरायला लागतात.
- एएमडी रेडिऑन ६००० सीरिज: हॉटस्पॉटची लिमिट ११०. म्हणून रेडिऑनवाल्याने हॉटस्पॉट ९५ बघून बोंब मारायची नाही.

तुमचं मॉडेल यात नसेल तर कंपनीच्या साइटवर त्या चिपच्या पानावर मिळेल. इंटेलवाले त्याला 'टी जंक्शन' म्हणतात, एएमडीवाले 'मॅक्स ऑपरेटिंग टेंपरेचर'.

आता माझा हिशोब सांगतो, हा कुठल्या कंपनीचा नाही, वापरातला आहे. गेममध्ये सीपीयूचा ॲव्हरेज ८०च्या आत असेल तर विषय संपला, खेळा. ८० ते ९० उन्हाळ्यात चालतं, पण हिवाळ्यातही तेवढाच असेल तर साफसफाई आणि हवा बघा. ९०च्या वर सतत राहत असेल तर काहीतरी दुरुस्त करण्यासारखं आहे. ग्राफिक्स कार्ड ८०च्या आत उत्तम, ८०-८५ उन्हाळ्यात ठीक, त्याच्या वर सारखं असेल तर बघा. हॉटस्पॉट आणि नेहमीचा आकडा यात २५-३०च्या वर फरक असेल तर कार्डाची पेस्ट वाळलीये किंवा हीटसिंक नीट टेकत नाहीये असा संशय घ्या. जीडीडीआर६एक्स मेमरी ११०ला पोचली की स्पीड कमी करते, तिला १००च्या खाली ठेवलेलं बरं.

रायझन ७०००च्या एक्सवाल्या चिप ९५पर्यंत जायलाच बनवल्यात. रेंडरिंग वगैरे जड कामात त्या स्वतःहून ९५ गाठतात आणि तिथेच धावतात, एएमडीने तेव्हाच हे उघड सांगितलं होतं. गेममध्ये मात्र त्या सहसा बऱ्याच खाली असतात, कारण गेम सगळे कोअर एकदम वापरत नाही. तिथेही ९५ दिसत असेल तर कूलर बघा.

नुसतं डेस्कटॉपवर असताना सीपीयू ४५ आणि कार्ड ५० दिसलं तरी काही नाही. आजकालच्या बऱ्याच कार्डांचे पंखे कमी तापमानाला फिरतच नाहीत, बंद असतात. पंखा बिघडला म्हणून वॉरंटीला टाकायला निघालेले लोक मी पाहिलेत.

४. थ्रॉटलिंग होतंय का ते बघा

८८ डिग्रीला पूर्ण स्पीडने चालणारा सीपीयू आणि ८८ला गळपटलेला सीपीयू यात फरक आहे, आणि तो फक्त क्लॉक, म्हणजे चिपचा चालू स्पीड, बघून कळतो. रिव्हाट्यूनरमध्ये तापमानाच्या बाजूला क्लॉक स्पीड आणि वापराची टक्केवारी पण लावा. गेम चालू केल्यावर सीपीयू ४.२ गीगाहर्ट्झला होता आणि अर्ध्या तासाने तापमान लिमिटला चिकटून क्लॉक ३.२ वर आलं, फ्रेम पण अडखळायला लागल्या, तर ते थर्मल थ्रॉटलिंग.

एचडब्ल्यूइन्फोमध्ये इंटेलला 'थर्मल थ्रॉटलिंग' अशी ओळ असते, तिथे 'येस' आलं का बघा. ग्राफिक्स कार्डाला 'परफॉर्मन्स लिमिट' म्हणून चार-पाच ओळी असतात, त्यात 'थर्मल'समोर येस असेल तर दखल घ्या. 'पॉवर'समोर येस असणं एकदम नॉर्मल आहे, कार्ड त्याच्या पूर्ण वॅटवर चाललंय एवढाच त्याचा अर्थ.

आणि पीसी गेममध्ये एकदम खटकन बंद होत असेल तर सगळे आधी गरमीला दोष देतात. बंद व्हायच्या आधी आकडा ७०-७५ होता ना? मग गरमी नाही. एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, तपासा. आणि आपल्याकडे हमखास असणारं दुसरं कारण म्हणजे यूपीएस. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो, तो ऑफिसच्या पीसीला पुरतो, पण गेमिंग कार्ड आणि मॉनिटर मिळून ४०० मागितले की गुरुवारी (पुण्यात लाईटच्या दुरुस्तीचा वार) लाईट जाताच तो बॅटरीवर लोड न पेलता आडवा होतो. लोक तीन तीन वेळा पेस्ट बदलतात आणि दोष यूपीएसमध्ये असतो.

५. आधी फुकटातले उपाय

खर्च करायच्या आधी हे करून बघा, अर्ध्या लोकांचं काम इथेच होतं.

कॅबिनेट टेबलाच्या कप्प्यातून बाहेर काढा. आपल्याकडे सुताराकडून करून घेतलेल्या कॉम्प्युटर टेबलाला 'सीपीयूसाठी' म्हणून तिन्ही बाजूंनी बंद कप्पा असतो, कधी त्याला दार पण असतं. त्यात गरम हवा बाहेर जाते आणि तीच परत आत येते. मागे भिंतीपासून निदान वीतभर जागा हवी. वर टाकलेलं क्रोशाचं कव्हर पण काढा, आईला सांगा की पीसी बंद असताना टाकू. एसएमपीएसचा पंखा बहुतेक वेळा खालून हवा घेतो, त्यामुळे कॅबिनेट सतरंजी किंवा गादीवर नको.

मग साइड पॅनल काढून तोच गेम तेवढाच वेळ खेळा. तापमान ८-१० डिग्रीने पडलं तर तुमचा कूलर ठीक आहे, कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाहीये. काही फरकच पडला नाही तर गडबड कूलर, पेस्ट किंवा धुळीत. फुकटातली टेस्ट आहे आणि कुठे पैसे घालायचे ते हीच सांगते. कायम उघडा ठेवायचा विचार मात्र नको, धूळ, झुरळं आणि घरात मांजर असेल तर मांजर.

पंख्यांची दिशा बघा. पुढून आत, मागून आणि वरून बाहेर. ज्या बाजूला पंख्याची मोटर धरणारा सांगाडा दिसतो, हवा त्या बाजूने बाहेर पडते. दुकानात आरजीबीची चमकदार बाजू दिसावी म्हणून पुढचे पंखे उलटे लावलेले मी बघितलेत, म्हणजे सगळेच पंखे हवा बाहेर फेकतायत आणि आत यायला वाटच नाही. पुढे सलग काचेची फळी असलेलं कॅबिनेट दिसायला भारी पण आत हवा कुठून येणार, नवीन घेणार असाल तर जाळीवालं घ्या.

एफपीएसला, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम बनतात त्याला, मर्यादा घाला. हा उपाय सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. मॉनिटर ७५ हर्ट्झचा आणि गेम २४० एफपीएसला चाललाय, तर उरलेल्या फ्रेम तुम्हाला दिसत नाहीत पण त्यांची गरमी आणि वीजबिल मात्र तुमचंच. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये 'मॅक्स फ्रेम रेट', रेडिऑनच्या सॉफ्टवेअरमध्ये 'फ्रेम रेट टार्गेट कंट्रोल', किंवा गेमच्या सेटिंगमध्येच. गेमच्या मेनूसाठी वेगळी मर्यादा असेल तर ती पण लावा, मेनूमध्ये काही घडत नसताना कार्ड नुसतंच घोंघावत बसतं.

आणि रूम. ३५० वॅट खेचणारा पीसी म्हणजे रूममध्ये ३५० वॅटचा हीटरच लावलाय, वापरलेली वीज शेवटी सगळी गरमीच होते. तीन तास खेळलात की साधारण एक युनिट. दार-खिडकी बंद करून खेळलात तर रूम चढत जाणार आणि तिच्या मागोमाग सीपीयू. पुण्यात एक बरं आहे की एप्रिलमध्ये पण रात्री उशिरा आणि पहाटे बाहेर बऱ्यापैकी गार होतं, तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या उघडून खेळलं तर एसीशिवाय भागतं. दुपारी दोन ते सहा जड गेम टाळा, तेवढ्या वेळात हलकं काहीतरी खेळा किंवा झोपा, पुणेकर आहोत.

६. धूळ काढा, मग गरज असेल तरच पेस्ट

वाघोली, मोशी, उंड्री, हिंजवडी, जिकडे बघावं तिकडे बांधकाम चालू आहे, त्यामुळे धूळ कमी नाही. वर्षातून दोनदा तरी साफ करा. होळीनंतर उन्हाळा चढायच्या आधी एकदा, आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा. पीसी देवघराच्या जवळ असेल तर उदबत्तीच्या धुराने धूळ चिकट होते, ती नुसत्या फुंकरीने निघत नाही, ब्रश लागतो.

प्लग काढा, पॉवर बटण पाचेक सेकंद दाबून ठेवा, मग गॅलरीत न्या. सीपीयू कूलरवरून बघितलं तर पंख्याची पाती जरा मळलेली दिसतात आणि वाटतं फार काही नाही. पंखा सोडवून बाजूला करा आणि खाली बघा. हीटसिंकच्या पट्ट्यांवर करड्या रंगाचा थर बसलेला असतो, नमद्यासारखा, कडेला नख लावलं तर अख्खा तुकडा उचलून येतो. हवा तिथेच अडत असते. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा, नाहीतर तो भलत्या स्पीडने फिरतो आणि बेअरिंग जाते. घरातला व्हॅक्युम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीला स्टॅटिक चार्ज येतो. ओलं फडकं तर अजिबात नको.

धूळ काढून पण फरक पडला नाही आणि पीसी दोन-तीन वर्षं जुना असेल तर पेस्ट. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टिश्यूने पूर्ण पुसा, मध्यभागी वाटाण्याएवढा थेंब ठेवा, कूलर सरळ खाली टेकवा, तोच दाबाने पसरवतो. स्क्रू एकदम एकच आवळू नका, समोरासमोरचे थोडे थोडे. नवीन कूलर असेल तर तळाची प्लॅस्टिकची फिल्म काढली का ते दोनदा बघा. हसू नका, फिल्मसकट लावलेले कूलर दुकानातून पण येतात.

रायझन एएम४ असेल, म्हणजे ५०००पर्यंतचे, तर हे नक्की वाचा: पेस्ट वाळलेली असताना कूलर सरळ ओढला तर सीपीयू सॉकेट बंद असताना पण कूलरला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. काढायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं गेम चालवून गरम करा, मग बंद करून कूलर डावी-उजवीकडे हलका फिरवून सोडवा आणि नंतर उचला.

इंटेलच्या बॉक्समधल्या कूलरचा त्रास वेगळा. मावसभाऊ धनकवडीला राहतो, एप्रिलमध्ये फोन आला, "दादा, व्हॅलोरंटला पण ९७ दाखवतोय रे, सीपीयू गेला का?" म्हटलं आधी रूम किती आहे सांग. रूम ३३. म्हणजे हलक्या गेममध्ये ६४चा फरक, नुसत्या उन्हाळ्यावर ढकलण्यासारखा नव्हता. जाऊन बघितलं तर आय५-१२४००एफ, बॉक्समधलाच कूलर, चार काळ्या पुश-पिना. कूलर हाताने हलका दाबला तर एक कोपरा टकटक हलत होता. मदरबोर्डच्या मागून टॉर्च मारला तेव्हा तीन पिनांचे पांढरे काटे आरपार आलेले आणि फाकलेले दिसले, चौथी अर्धीच. डोक्यावरचा बाण उलटा फिरवलेला होता त्यामुळे ती लॉकच होत नव्हती. बाण नीट करून, जुनी पेस्ट पुसून नवीन लावली, समोरासमोरच्या पिना जोडीने दाबल्या, चारही टक टक वाजल्या. त्याच गेममध्ये सत्तरीच्या सुरुवातीला आला. "मी तर नवीन सीपीयूचे पैसे मागणार होतो पप्पांकडे," म्हणे.

दुकानदार अशा वेळी लगेच लिक्विड कूलर दाखवतात. १२४००एफ किंवा ५६०० असल्या चिपला त्याची काही गरज नाही, १२० एमएम पंख्याचा साधा टॉवर कूलर भरपूर होतो. वरच्या आय७-आय९साठी मोठा कूलर लागतो, ते मान्य.

ग्राफिक्स कार्ड उघडून पेस्ट बदलणं वॉरंटीत असताना करू नका. स्क्रूवर स्टिकर असतो, तो फाटला की सर्व्हिस सेंटरवाल्याशी वाद घालत बसावं लागतं.

७. पॉवर थोडी कमी करा

एवढं करूनही उन्हाळ्यात जास्तच असेल तर. आफ्टरबर्नरमध्ये 'पॉवर लिमिट'चा स्लायडर १०० वरून ८० करा. फ्रेम थोड्याच कमी होतात आणि गरमी-आवाज चांगलाच उतरतो, कारण शेवटचे थोडे मेगाहर्ट्झ मिळवायला कार्ड भरमसाठ वीज खातं. काही बिघडायची भीती नाही, जून आला की परत १००.

रायझनला बायोसमध्ये (पीसी चालू होतानाच उघडणारी मदरबोर्डची सेटिंग) चिपला कमी वॅटवर चालवणारा 'इको मोड' असतो, तो लावला की विषय मिटतो. चिपचं व्होल्टेज कमी करणाऱ्या 'कर्व्ह ऑप्टिमायझर'ने अजून चांगला रिझल्ट येतो पण तिथे उणे १० पासून सुरुवात करा आणि दोन-तीन दिवस वापरून बघा, एकदम उणे ३० टाकलं आणि पीसी डेस्कटॉपवर रिस्टार्ट व्हायला लागला तर आश्चर्य नको. इंटेलमध्ये बरेच महागडे मदरबोर्ड पॉवर लिमिट मोकाट सोडून देतात, बायोसमध्ये जाऊन इंटेलची मूळ सेटिंग निवडा. १३व्या-१४व्या जनरेशनचे आय७-आय९ असतील तर बायोस अपडेट आधी करा. त्यांच्यात व्होल्टेज गरजेपेक्षा जास्त जाऊन चिप खराब व्हायचा प्रकार होता, त्यासाठी इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोड अपडेट काढले आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. तो कूलर बदलून सुटणारा प्रश्न नाही.

८. लॅपटॉपवाल्यांसाठी थोडक्यात

लॅपटॉपला वरचे आकडे जसेच्या तसे लावू नका. एवढ्याशा जागेत सीपीयू ९०-९५ आणि जीपीयू ८०-८७ हे बहुतेक गेमिंग लॅपटॉपचं रोजचंच आहे. गादीवर, उशीवर ठेवून खेळू नका, मागची बाजू दोन इंच उचला, एवढ्यानेही फरक पडतो. कूलिंग पॅडने थोडंफार होतं, चमत्कार होत नाही. हलके गेम खेळत असाल तर विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' ९९ टक्के करा, टर्बो, म्हणजे सीपीयूचा वरचा जादा स्पीड, बंद होतो आणि सीपीयू भरपूर थंड पडतो. जड गेममध्ये फ्रेम जातील, तिथे एफपीएसची मर्यादाच बरी.

९. सर्व्हिस सेंटरला कधी न्यायचं

सगळं करून पण कार्ड थर्मल थ्रॉटल होतंय, हॉटस्पॉटचा फरक ३०च्या वर आहे, किंवा गेममध्ये पंखा फिरतच नाही, तेव्हा. नुसतं "गरम होतं" असं तोंडी सांगितलं तर ते डेस्कटॉपवर दहा मिनिटं ठेवून "सर नॉर्मल आहे" म्हणून परत देतात. एचडब्ल्यूइन्फोमध्ये खाली लॉगिंगचं बटण आहे, अर्ध्या तासाच्या गेमची फाइल सेव्ह करा, रूमचं तापमान त्यावर लिहा, आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा ज्यात थर्मामीटर आणि स्क्रीन दोन्ही एकत्र दिसतात. कार्ड देताना काउंटरवरच चारही बाजूंनी आणि सीरियल नंबरचे फोटो काढा, आणि जॉबशीटवर तक्रार "थर्मल थ्रॉटलिंग, गेम लोडवर" अशीच लिहून घ्या, "चेकिंग" असं लिहू देऊ नका. जॉबशीटची कॉपी हातात पडल्याशिवाय तिथून हलू नका.